जुन्या वाड्याची चौकट, नवं घर: एका खरेदीचा प्रकरण अभ्यास

(हे प्रकरण खरं आहे. माणसं, गाव आणि दुकान ओळखू येतील असे तपशील काढले किंवा बदलले आहेत. मी या कामात वास्तुरचनाकार म्हणून सल्ला देत होतो.)

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्यातल्या एका गावात पन्नाशीच्या पुढचं एक जोडपं स्वतःसाठी घर बांधत होतं. नोकरीची वर्षं पुण्यात गेली होती आणि आता गावच्या जागेवर कायमचं राहायला यायचं होतं. घरात मालकीणबाईंच्या सासूबाईही राहणार होत्या. त्या ऐंशीच्या पुढच्या, वॉकर घेऊन चालणाऱ्या. मुलगी अमेरिकेत, न्यू जर्सीला. आराखडा साधा होता: पुढे ओसरी, आत माजघर, मागे परसू, कौलारू छप्पर. ओसरीवरून माजघरात जाताना एक जुनं, कोरीव, जाड सागवानी दार असावं, एवढी एकच गोष्ट मालकीणबाईंनी हट्टाने मागितली होती. त्यांचं लहानपण अशाच दारातून आत-बाहेर करण्यात गेलं होतं आणि ते घर आता राहिलेलं नाही.

असं सामान बाजारात येतं कुठून, हे आधी सांगायला हवं. पुण्याच्या पेठांमधले वाडे गेली साठेक वर्षं टप्प्याटप्प्याने पडत आले आहेत. 12 जुलै 1961च्या पानशेतच्या पुराने नदीकाठच्या पेठांमधली शेकडो घरं एका दिवसात गेली. त्यानंतरची पडझड हळू झाली. 1947च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली, दुरुस्तीला मालकाकडे पैसा उरला नाही, वाटेकरी वाढत गेले आणि शेवटी बहुतेक ठिकाणी उपाय एकच निघाला, वाडा पाडून इमारत. पाडकामाचा ठेकेदार लाकूड, दगड, लोखंड, कौलं यांच्या किमतीचा अंदाज बांधूनच बोली लावतो. त्याच्याकडून माल जुन्या सामानाच्या गोदामांत जातो. खांब, तुळया, कडीपाटाच्या फळ्या, चौकटी, कोनाड्यांच्या महिरपी, पितळी कड्या, शहाबादी फरश्या, सगळं तिथे वेगवेगळं होऊन पडतं. मुंबईत गिरण्यांच्या शेडमधलं बर्मा सागवानही याच वाटेने बाजारात आलं.

हे जोडपं माझ्याकडे येण्याआधी मुंबईत चोर बाजारातली मटण स्ट्रीट आणि जोगेश्वरीचं ओशिवरा पालथं घालून आलं होतं. तिथे जे आवडलं ते एक तर राजस्थानी किंवा गुजराती घडणीचं होतं, नाही तर जुन्या लाकडातून नव्याने घडवलेलं. दुसऱ्या प्रकारात वाईट काही नाही आणि तसं स्पष्ट सांगून विकणारेही आहेत. पण बाईंना मराठी वाड्याचंच दार हवं होतं. पुण्याबाहेरच्या एका गोदामात तसं दार त्यांना दिसलं. विसार देण्याआधी त्यांनी मला फोन केला. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय तोच.

अडचण

गोदामवाल्या शेठजींनी दाराबद्दल तीन गोष्टी सांगितल्या होत्या. "ताई, पेशवेकालीन माल आहे. सरदाराच्या वाड्याचा मुख्य दरवाजा आहे. आणि गणेशपट्टीसकट अख्खा संच आहे." किंमत 1,85,000 रुपये, लोखंडी आणि पितळी सामान वेगळं.

दुसरीकडे घराचं बांधकाम खिडकीच्या तळापर्यंत आलं होतं. ओसरी आणि माजघर यांच्या भिंतीत दारासाठी साडेतीन फूट रुंदीची जागा सोडली होती. सात फुटांवर लिंटल (दारावरची काँक्रीटची आडवी पट्टी) ओतायचं होतं आणि गवंडी त्यासाठी खोळंबला होता.

दाराची मापं घेतली तेव्हा पेच समोर आला. चौकटीच्या आतली मोकळी जागा 3 फूट 1 इंच रुंद, 5 फूट 4 इंच उंच. बाहेरून चौकट 4 फूट 5 इंच रुंद, 6 फूट 8 इंच उंच. त्यातही वरच्या आणि खालच्या आडव्या लाकडांची टोकं दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच बाहेर आलेली. भिंतीत रुतून चौकट घट्ट धरून ठेवणं हे त्या टोकांचं काम. उंबरठा सहा इंच उंच होता.

थोडक्यात, सोडलेल्या जागेत दार मावत नव्हतं, घरातल्या पुरुषांना वाकून जावं लागणार होतं आणि वॉकर घेतलेल्या आजींना तो उंबरठा ओलांडताच येणार नव्हता. एवढं असूनही दार अप्रतिम होतं. गणेशपट्टीवर, म्हणजे चौकटीच्या वरच्या आडव्या पट्टीवर, कमळात बसलेला गणपती, दोन्ही बाजूंना वेलपत्ती, उभ्या लाकडांवर मण्यांची सलग ओळ. ते सोडून द्या असं मीही मनापासून म्हणू शकत नव्हतो.

गोदामात काय दिसलं

खरेदीचा सगळा गाभा इथे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चौकट भिंतीला टेकवून उभी होती. ती आडवी ठेवायला सांगितली, कारण उभ्या चौकटीची मागची बाजू आणि पाय नीट दिसत नाहीत. पाय कुजणं हा जुन्या चौकटींचा नेहमीचा आजार. जोत्यातली ओल खालून वर चढते आणि आठ-दहा इंचांपर्यंत लाकूड भुसभुशीत होतं. बरेच विक्रेते तेवढा भाग कापून टाकतात आणि उंबरठाही काढून टाकतात. इथे पाय शाबूत होते, उंबरठा मूळ जोडांसकट होता आणि टोकं कापलेली नव्हती. ट्रकमध्ये मावावं म्हणून ती टोकं करवतीने उडवलेल्या कितीतरी चौकटी मी पाहिल्या आहेत. चारही कोपरे खोबणीत बसवून लाकडी खुंट्या मारलेले होते. कर्ण मोजले तर दोन्हींत अर्ध्या इंचाचाही फरक नव्हता. पाडकामात उपसून काढलेली चौकट इतकी गुण्यात (काटकोनात) असणं फार क्वचित घडतं.

मग वयाचा प्रश्न. चौकटीत जिथे खिळे होते तिथे ते चौकोनी, हाताने घडवलेले होते. वरच्या आडव्या लाकडाच्या आतल्या बाजूला, दोन्ही कोपऱ्यांत, एकेक गोल भोक लाकडाची गुडदी मारून बुजवलेलं दिसलं. उंबरठ्यातही तशीच जोडी. म्हणजे या चौकटीची मूळ कवाडं बिजागऱ्यांवर नव्हती. कवाडाच्याच लाकडातून वर-खाली गोल खुंट काढायचे आणि ते या भोकांत फिरायचे, ही जुनी पद्धत.

आता समोरची कवाडं मात्र लोखंडी बिजागऱ्यांवर होती. त्यांची मागची बाजू तिरप्या उजेडात पाहिली तेव्हा फळ्यांवर कमानीसारखे बारीक ओरखडे दिसले. हे ओरखडे यंत्रावर फिरणाऱ्या गोल पात्याच्या करवतीचे असतात. हाताच्या करवतीचे ओरखडे सरळ आणि थोडे वेडेवाकडे येतात. कवाडांच्या कडेला खुंट कापून टाकल्याची कुठलीही खूण नव्हती. एका बिजागरीत तर चांदणीसारख्या खाचेचे स्क्रू होते, जे 1930च्या दशकाच्या आधी अस्तित्वातच नव्हते. ती नंतरची दुरुस्ती.

निष्कर्ष सरळ होता. चौकट जुनी, कवाडं तिच्यापेक्षा बरीच अलीकडची. पेशवाई 1818मध्ये संपली. चौकट तेवढी जुनी असेलही, नसेलही, पण कवाडं पेशवेकालीन असणं शक्य नव्हतं.

"मुख्य दरवाजा" हा दावाही तिथेच डळमळला. वाड्याच्या मुख्य दाराला आतून आडवा अडसर घालायची सोय असते. त्यासाठी चौकटीला कडी किंवा खाच असते, नाही तर अडसर सरकवायला भिंतीतच खोल भोक असतं. मोठ्या वाड्याच्या मुख्य दरवाजाला बहुधा येण्याजाण्यासाठी छोटी दिंडीही असते. इथे दिंडी नव्हती, अडसराची खूण नव्हती आणि पाच फूट चार इंचांचं दार कुठल्या सरदाराने दर्शनी लावलं असेल, हेही पटणारं नव्हतं. हे आतलं दार होतं.

गणेशपट्टीची तपासणी वेगळी केली. साध्या जुन्या चौकटीवर नवा कोरलेला गणपती चिकटवून भाव चढवायचा, हा प्रकार बाजारात चालतो. नवं लाकूड पोटॅशच्या पाण्याने काळपट केलं की वरवर फरक कळत नाही. पण पट्टीच्या टोकाला लाकडाचे रेषे पाहता येतात. गणपतीच्या अंगावरून जाणारा रेषा पुढे वेलपत्तीत आणि तिथून कडेपर्यंत सलग गेला होता. कोरीव भाग आणि पट्टी एकाच लाकडातले होते. नक्षीच्या खोलगट भागांत तेलकट रंगाचे चार-पाच थर होते आणि सगळ्यांत आतल्या थरात शेंदराची लाली होती.

कीड होती, पण जिथे अपेक्षित असते तिथेच. डाव्या उभ्या लाकडाच्या मागच्या कडेला सालीलगतचा फिकट पट्टा होता आणि त्यात भुंग्याची बारीक भोकं होती. सागाचा आतला गाभा कीड सहसा खात नाही, हा बाहेरचा पट्टा मात्र खाते. भोकांखाली काळा कागद धरून लाकडावर हातोडीच्या दांड्याने टकटक केलं. कागदावर पिठासारखा ताजा भुसा पडला. म्हणजे कीड जिवंत होती. विक्रेत्याच्या माणसाने "जुनी भोकं आहेत" म्हणून सांगितलं होतं. कागद त्याच्यासमोर धरल्यावर त्याने वाद घातला नाही.

माहितीचा तुकडा, ज्याने चित्र बदललं

कवाडं आणि चौकट वेगवेगळ्या वयाची दिसली की पहिला संशय येतो तो विक्रेत्याने दोन वाड्यांचे तुकडे एकत्र केल्याचा. मालकीणबाईंच्या यजमानांचा सूर तिथून पुढे "हे नकोच" असाच होता. मी शेठजींना एकच विचारलं: पाडकामाच्या ठेकेदाराकडे दार जागेवर असतानाचा फोटो आहे का? आजकाल बोली लावण्याआधी ठेकेदार मोबाइलवर सगळा माल टिपून ठेवतात, म्हणून ही आशा होती.

फोटो मिळाला. त्यात हेच दार, हीच कवाडं, माजघराच्या भिंतीत उभी होती. खाली दगडाच्या दोन पायऱ्या आणि शेजारी दिव्याची देवळी. कवाडं वाड्यातच केव्हातरी बदलली गेली होती. त्या घरच्यांनी आपल्या गरजेप्रमाणे नवी करून घेतली आणि जुनी भोकं बुजवली. म्हणजे दोन वयांचे असले तरी हे दोन्ही भाग कित्येक दशकं एकत्र नांदलेले होते. संच खरा होता, त्याची सांगितलेली कहाणी तेवढी खोटी होती.

कड्या, कोयंडा आणि साखळी फोटोत दिसत होती. गोदामात ती वेगळ्या घमेल्यात, दहा वाड्यांच्या कड्यांमध्ये मिसळून, किलोवर विकायला ठेवली होती. फोटो हातात धरून शोधली आणि सापडली. कोयंड्याच्या पट्टीचा ठसा कवाडावर होता. तो तंतोतंत जुळला.

कोणते पर्याय समोर होते

सुताराचा पर्याय सगळ्यांना सर्वांत सोयीचा वाटत होता: उंबरठा काढून टाकायचा, पायांना खाली सवा फुटाचे तुकडे जोडायचे, कवाडांनाही खाली पट्टी लावायची. दार साडेसहा फुटी होईल, आजींची अडचण सुटेल आणि लांबून कुणाला कळणारही नाही. दुसरा पर्याय असा की, फक्त गणेशपट्टी आणि कवाडं घ्यायची आणि नवी चौकट करायची. शेठजी त्यालाही तयार होते, उरलेली चौकट त्यांनी आरसा बसवायला विकली असती. तिसरा, दार आहे तसं बसवायचं आणि आजींसाठी उतार करायचा. चौथा, हे दार सोडायचं आणि जुन्या तुळया घेऊन सुताराकडून नवं दार घडवून घ्यायचं.

मी पहिल्या दोन पर्यायांच्या विरोधात उभा राहिलो आणि त्यात भिडस्तपणा केला नाही. या दाराची किंमत वयात नाही, ती जोडकामात आहे. चार लाकडं एकमेकांत गुंतून, एकही खिळा कोपऱ्यात न लागता, इतकी वर्षं गुण्यात राहिली. उंबरठा काढला की चौकट उलट्या यू आकाराची होते, पाय मोकळे होतात आणि सगळा ताण वरच्या दोन सांध्यांवर येतो. पायाला जोडलेला तुकडा ओलीच्या जागी, नेमक्या चुकीच्या ठिकाणी सांधा तयार करतो. आणि एकदा कापलेलं परत येत नाही. घर बदलता येतं, कारण घर अजून बांधायचं होतं.

उताराचं गणितही बसत नव्हतं. सहा इंचांच्या चढाला वॉकरसाठी सोयीचा उतार द्यायचा तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी, या हिशेबाने सहा फूट लागतात, तेही उंबरठ्याच्या दोन्ही बाजूंना. ओसरी आठ फूट रुंद होती. ती सगळी उतारच झाली असती.

त्या दिवशी गोदामाबाहेरच्या चहाच्या टपरीवर नकाशा उलगडून बसलो तेव्हा मार्ग मालकीणबाईंनीच सुचवला. माजघराला ओसरीखेरीज गाडी लावायच्या बाजूनेही एक दार होतं, स्वयंपाकघराला लागून, तीन फुटांचं. त्या म्हणाल्या, "ते रुंद करू. आई तिथूनच येतील-जातील. मग हे दार जसं आहे तसं राहू दे." पुढचं सगळं या वाक्यावर उभं राहिलं. सासूबाईंना विचारल्याशिवाय मात्र ठरवायचं नाही, असंही त्यांनी बजावलं. आजींना फोनवर विचारलं. त्यांची अट एवढीच होती की आपल्याला मागच्या दाराने आणल्यासारखं वाटू नये. म्हणून त्या बाजूला छोटी पडवी आणि बसायला कट्टा नकाशात वाढवला.

किंमत आणि कागद

भाव करताना आम्ही लाकडाचं मोजमाप पुढे ठेवलं. चौकट आणि कवाडं मिळून साधारण सव्वानऊ घनफूट सागवान. त्याच गोदामात तुळयांचा भाव 3,500 रुपये घनफूट सांगितला होता, म्हणजे नुसतं लाकूड 32,000च्या आसपास. त्यावरचं सगळं मोल कारागिरीचं, अखंडपणाचं आणि जुनेपणाचं. ते मोल आहेच, आम्ही ते नाकारलं नाही. फक्त "पेशवेकालीन" आणि "मुख्य दरवाजा" या दोन शब्दांचे पैसे देणार नाही, एवढं शांतपणे सांगितलं आणि फोटो, कवाडांची मागची बाजू, काळा कागद, या तिन्ही गोष्टी समोर ठेवल्या. 1,30,000 रुपयांवर व्यवहार झाला, कड्या-कोयंडा-साखळी धरून. चढवणं-उतरवणं आणि टेम्पो वेगळा.

पावतीवर काय लिहायचं, यावर मी किमतीइतकाच वेळ दिला. वाडा कुठल्या पेठेतला, पाडकाम कुठल्या वर्षीचं, संचात कोणते भाग आहेत, बाहेरची मापं काय, हे सगळं लिहून घेतलं आणि फोटोची प्रत मागे जोडली. उपयोग लगेच झाला. वाटेत गाडी थांबवून लाकडाबद्दल विचारणा झाली तेव्हा ही पक्की पावती दाखवल्यावर गाडी सुटली.

कायद्याचा प्रश्न मुलीमुळे आला. तिने त्याच गोदामातल्या खांबांवरच्या कोरीव ब्रॅकेटची एक जोडी फोटोत पाहिली आणि ती न्यू जर्सीला पाठवा म्हणाली. शेठजी म्हणाले, "पाठवून देऊ ताई, हस्तकला म्हणून कागद करू." इथे मी थांबवलं. 1972च्या पुरावस्तूविषयक केंद्रीय कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू ठरते आणि त्या व्याख्येत इमारतीपासून सुट्या केलेल्या वस्तूंचाही स्पष्ट उल्लेख आहे. पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाही. तिचा व्यापार करायलाही परवाना लागतो. वस्तू तेवढी जुनी नसल्याची खात्री करायची असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून तपासणी करून तसा दाखला घेता येतो. खोट्या कागदावर पाठवणं हा गुन्हा आहे आणि बंदरावर वस्तू अडकली तर तीही जाते. मुलीला हे समजावून सांगितलं. तिने ऐकलं. ब्रॅकेट घेतलेच नाहीत.

प्रत्यक्ष काम

दाराची मोकळी जागा दोन्ही बाजूंनी साडेपाच इंच वाढवावी लागली. चौकटीच्या टोकांसाठी भिंतीत वेगळ्या खाचा ठेवल्या. लिंटल सात फुटांवरच ठेवलं आणि चौकटीवरचे चार इंच चुन्याच्या मसाल्यात विटांच्या पातळ थराने भरले, म्हणजे काँक्रीटचं वजन गणेशपट्टीवर येत नाही. लाकूड थेट सिमेंटला लागू नये म्हणून भिंतीकडच्या बाजूला डांबराचा हात दिला, तर उंबरठा दगडी पट्टीवर बसवला. ती जड चौकट सहा जणांनी उचलून उभी केली. गवंड्याने ओळंबा लावला आणि सुताराने कर्ण पुन्हा मोजले.

किडीचा पट्टा रंध्याने काढला. बाकी लाकडाला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं द्रावण सुटीसुटी असतानाच सगळ्या बाजूंनी पाजलं, वाळल्यावर पुन्हा एकदा. गोदामवाल्यांनी दार कॉस्टिकच्या हौदात बुडवून रंग फुकट काढून द्यायची तयारी दाखवली होती. ते नाकारलं, कारण कॉस्टिक सांध्यांत शिरतं, लाकडाचे रेषे उचकटतं आणि नंतर कितीही धुतलं तरी तेल धरू देत नाही. जुन्या तेलकट रंगात शिसं असण्याची शक्यता मोठी असते. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर दशलक्षात 90 भाग अशी मर्यादा 2016च्या नियमांनी आली, म्हणजे त्याआधीच्या रंगाबद्दल काहीच गृहीत धरता येत नाही. म्हणून कोरडं घासायचं नाही, दिवा लावून जाळायचं नाही, ओलं करून खरवडायचं, तोंडाला मास्क बांधायचा आणि निघालेला चुरा गोळा करून बंद पिशवीत ठेवायचा, हे सुताराला लिहून दिलं. गणेशपट्टीच्या खोलगट भागातला शेंदराचा थर ठेवला. बाकीच्यावर अळशीचं तेल.

बाजूचं रुंद दार आम्ही चौथ्या पर्यायातून उचललं: त्याच गोदामातल्या तुळया घेतल्या आणि गावच्या सुताराकडून साधं, बिनउंबरठ्याचं, साडेतीन फुटी दार करून घेतलं. तुळयांत तुटलेले खिळे दडलेले असतात. चिराई करणारा गिरणीवाला आधी तयारच होईना, पात्याची भीती होती. मोठं लोहचुंबक फिरवून, खिळे गिरमिटाने कोरून काढून दिले तेव्हा त्याने चिराई केली.

निष्पत्ती

घर राहतं झालं. आजी बाजूच्या पडवीतून येतात-जातात आणि दुपारी त्याच कट्ट्यावर बसतात. ओसरीवरच्या दारातून येताना उंच माणसं वाकतात. एक-दोघांचं कपाळ आपटलं. त्यावर उपाय म्हणून काही लावावं, असं घरच्यांना वाटलं नाही. मूळ वाड्यातही पाहुणे असेच वाकत असणार.

एक गोष्ट बिघडली. चौकट ऐन मे महिन्यात बसली आणि कवाडं जूनच्या पहिल्या आठवड्यात. कोरड्या गोदामात वर्षभर पडलेलं लाकूड पहिल्या पावसात फुगलं, कवाडं एकमेकांना घासू लागली. मी येण्याआधीच सुताराने रंधा मारून ती मोकळी केली. दिवाळीनंतर लाकूड आकसलं आणि दोन कवाडांच्या मध्ये दोन सुतांची (पाव इंचाची) फट पडली. आता त्यावर आतून लाकडी पट्टी लावली आहे. काम भागतं, पण जुन्या कवाडाची कड गेली ती गेलीच.

किडीची तपासणी पुढच्या उन्हाळ्यात काळा कागद धरूनच केली. ताजा भुसा पडला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

जुनं दार बसवायचंच ठरलेलं असेल तर ते आधी घ्यायला हवं आणि नकाशातली दाराची जागा त्यावरून आखायला हवी. इथे भिंती खिडकीच्या तळापर्यंतच होत्या, म्हणून अकरा इंचांवर निभावलं. लिंटल ओतलेलं असतं तर सुताराचा कापाकापीचा पर्याय कुणीही थोपवू शकलं नसतं.

कवाडं घरात आणून एक अख्खा पावसाळा नुसती टेकवून ठेवायला हवी होती. तात्पुरतं प्लायवूडचं दार लावून चार महिने काढता आले असते. वास्तुशांतीच्या मुहूर्ताला दार हवं, या आग्रहापुढे ते मागे पडलं. रंधा दिवाळीनंतर मारायचा, पावसाळ्यात नाही, हे गावच्या जुन्या सुतारांना ठाऊक असतं. पण ते त्या दिवशी कामावर असलेल्या माणसाला सांगून ठेवावं लागतं.

फोटोची मागणी आम्ही मापं आणि तपासणी झाल्यावर केली. ती पहिल्याच भेटीत करायला हवी. फोटो आधी असता तर कवाडांवरच्या संशयाने यजमानांचं मन उठलं नसतं आणि शेजारची देवळीही कदाचित मिळाली असती. ती आम्ही शोधेपर्यंत दुसऱ्या गिऱ्हाइकाने नेली होती. संच फुटतो तो असा, आठवड्या-आठवड्याने, एकेक तुकडा करून. आधी कड्या जातात, मग देवळी, मग पायऱ्यांचे दगड.

एका प्रश्नावर मी आणि यजमान आजही एकमताचे नाही. त्यांना वाटतं, अशा खरेदीने वाडे पाडायला उत्तेजन मिळतं. माझं म्हणणं असं की वाडा जमिनीच्या भावासाठी पडतो, त्या हिशेबात चौकटीची किंमत नगण्य असते. पण ज्या वाड्याची दुरुस्ती अजून शक्य आहे, तिथला माल "पुढच्या महिन्यात काढून देतो" असं सांगून कुणी आगाऊ विकत असेल, तर विसार देऊ नये, एवढ्यावर आमचं जमलं. त्याच शेठजींनी नंतर दोन खांबांसाठी नेमका तसाच फोन केला तेव्हा यजमानांनी नकार कळवला आणि तो वाडा कुठला हे विचारून घेतलं. वाड्यात राहणाऱ्या कुटुंबाला छपराच्या दुरुस्तीचा अंदाज हवा होता. तो मी काढून दिला आहे. कौलं उतरवून वासे बदलायचे आणि तीन तुळयांची टोकं नव्याने जोडायची, एवढ्यात ते छप्पर उभं राहू शकतं. वाटेकऱ्यांची संमती अजून यायची आहे.